बोटीवर पाठवायचा फोटो

"स्टँड मी सारवलेल्या जमिनीवर उभा करणार नाही, काकी," शेट्ये फोटोवाले म्हणाले. "एकदा केला होता. शेण ओलं होतं, एक पाय सरकला आणि कॅमेरा थेट नवरदेवाच्या मामाच्या मांडीवर. मामा तेव्हा चहा पीत होता."

"भाजला?" सासूबाईंनी विचारलं.

"मामा वाचला. कॅमेरा चहात गेला."

पडवीत जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला मात्र हसायची सोय नव्हती. डोक्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा मुकुट बांधला होता आणि जरा मान हलली की तो नाकावर यायचा. दंडात फुलांचे बाजूबंद, हातात फुलांची कंकणं, केसांत सुरंगीची वेणी आणि अंगावर हिरवी साडी. एवढी सगळी बाग सांभाळत मी झोपाळ्यावर बसले होते. सुरंगीबरोबर मुंग्याही आल्या होत्या, त्या कुठे कुठे फिरत होत्या ते माझं मला माहीत.

माझं डोहाळजेवण होतं. सातवा महिना लागला होता. नुकताच शिमगा होऊन गेला होता आणि खाडीवरून गरम वारा येत होता. गुहागरकडच्या आमच्या त्या गावात डोहाळजेवणाला फोटोवाला बोलावणं ही नवलाईची गोष्ट होती. पण आमच्या घरात त्याला कारण होतं, आणि ते कारण तेव्हा कुठल्या तरी समुद्रावर होतं.

आमचे हे बोटीवर होते, इंजिन खात्यात. मला दिवस राहिल्याचं कळलं आणि लगेच यांना बोलावणं आलं. आता निघाले की वर्ष भरेपर्यंत परत यायचे नाहीत. जाताना एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून यांनी मला सांगितलं, "कुमुद, पोट दिसायला लागलं की एक फोटो काढून पाठव."

एसटीतली निम्मी माणसं आमच्या वाडीतली. मी लाजून मेले. म्हटलं, "हळू बोला."

हे काही हळू बोलले नाहीत. म्हणाले, "मी परत येईन तेव्हा तू आहेस तशीच झालेली असशील, आणि मूल रांगत असेल. मधली तू मला दिसणारच नाहीस. फोटो तरी बघू दे."

कंडक्टरने घंटी मारली. मी मान हलवली.

ती "मधली तू" पुढे सगळ्या घराने मनावर घेतली. सासूबाईंनी तर जास्तच. खरं तर त्या देवभोळ्या, जुन्या वळणाच्या. शेजारच्या बायजाकाकूंनी सकाळीच येऊन त्यांना बजावलं होतं, "पोटुशीचा फोटू काढू नये गो. छाया जाते."

"जाऊ दे," सासूबाई नारळ सोलता सोलता म्हणाल्या. "बोटीवर जाईल, बापाकडं. परक्याकडं नाय जात."

कॅमेराही घरचाच होता. मागच्या खेपेला यांनी जपानच्या कुठल्याशा बंदरातून आणलेला. सासूबाईंनी तो ट्रंकेत आपल्या लग्नातल्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. तो चालवायचा कसा हे यांच्याशिवाय घरात कोणालाच येत नव्हतं, म्हणून शेट्ये. आणि शेट्ये आमच्या कॅमेऱ्यावर एवढे खूश होते, कारण त्यांचा स्वतःचा त्या वेळी मुंबईला दुरुस्तीला गेला होता.

"त्याला काय झालं?" माझी नणंद सुलभा विचारत होती. ती माझ्याच वयाची. यांच्या पाठची.

"होडीतून धक्क्यावर उतरलो," शेट्ये म्हणाले. "खांद्यावर अडकवला होता. वाकलो, पट्टा खांद्यावरून घसरला. तरी नशीब, भरती नव्हती. चिखलात पडला."

"सारखे पडतात काय हो तुमचे कॅमेरे?"

"माझे नाही, सगळ्यांचेच पडतात. टेबलावर ठेवला आणि पट्टा लोंबकळत राहिला की रांगतं मूल येऊन तो ओढणार. स्कूटरच्या हँडलला अडकवला की माणूस विसरणार आणि गाडी चालू करणार. हळदीच्या दिवशी तेलकट हातांनी कोणी तरी हौशी मावशी म्हणणार, बघू हो जरा." त्यांनी मावशीचा आवाज काढला. "आणि गंमत म्हणजे कॅमेरा जपला नाही म्हणून पडत नाही. जपायला गेलं की पडतो. म्हणून माझा आपला एकच नियम. गळ्यात घालायचा आणि गळ्यातून काढायचा नाही."

त्यांनी खरोखर तसंच केलं. पट्टा चांगला लांब सोडला, गळ्यात घातला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्याकडे वळले.

"मान वर घ्या. इकडे नका बघू. तिकडे दर्याकडे बघा, नवरा तिकडेच आहे ना?"

बायका पुन्हा हसल्या. मी खाडीकडे पाहिलं. माडांमधून पाण्याचा तुकडा दिसत होता. तो काही यांच्यापर्यंत जाणारा नव्हता, पण मला तेवढ्यानेसुद्धा बरं वाटलं. आज कबूल करते, त्या क्षणी मला वाटलं की हे पलीकडून बघतच आहेत. मी पाठ ताठ केली. पोट लपवायची सवय लागली होती, ती सोडली. पदर मुद्दाम बाजूला घेतला. खट्, खट् असा आवाज आला.

"झोपाळा हलू दे जरा," शेट्ये म्हणाले. सासूबाईंनी स्वतः झोका दिला. अगदी हलका, पाळण्याला देतात तसा. पुन्हा खट्.

"आता बेस झाले," शेट्ये म्हणाले. "पाठवा बिनधास्त. तो कप्तानाला दाखवेल."

मग ओटी भरायची वेळ झाली. पुरुषांनी बाहेर जायचं. सासरे आणि शेट्ये आंब्याखाली विडी ओढायला निघाले. जाताना शेट्यांनी नियम मोडला, कारण बायकांमध्ये ओटी भरतानाचा एखादा फोटो सुलभाने काढावा असं ठरलं. कुठलं बटण दाबायचं ते त्यांनी तिला दोनदा दाखवलं आणि कॅमेरा आपल्या हातांनी तिच्या गळ्यात घातला.

"कुठे ठेवू नकोस. खुंटीला नको, टेबलावर नको. गळ्यातच ठेव."

"ठेवते हो," सुलभा म्हणाली. शेट्ये उंच होते, सुलभा माझ्यापेक्षाही बुटकी. कॅमेरा तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होता.

ओटी भरली. दोन वाट्या झाकून समोर आणल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. कुठली उचलू म्हणून मी उगाच आढेवेढे घेतले आणि डावीकडची उचलली. पेढा निघाला. "मुलगा, मुलगा!" म्हणून एकच गलका झाला. बायजाकाकूसुद्धा हसल्या. बायकांनी डोहाळ्याचं गाणं धरलं आणि गाण्याच्या तालावर दोघी-तिघी मिळून झोपाळ्याला झोके देऊ लागल्या.

माझी वेणी सुटायला आली होती. ती नीट करायला सुलभा झोपाळ्याजवळ आली आणि माझ्या मानेवर वाकली. पट्टा पुढे लोंबला आणि झोपाळ्याच्या कडीच्या आकड्यात अडकला. तिला कळलं नाही, मला कळलं नाही. तेवढ्यात पलीकडच्या बायकांनी झोका दिला.

सुलभाच्या मानेला हिसका बसला. ती किंचाळली, पण मुलगी चपळ. खाली बसून तिने डोकं पट्ट्यातून सोडवून घेतलं. कॅमेरा कडीला लटकून माझ्याबरोबर मागे गेला, पुढे आला, खांबावर आपटला आणि पट्टा सुटून जांभ्याच्या पायरीवर पडला. त्याचं मागचं झाकण टक्कन उघडलं.

गाणं थांबलं.

"मेले गो मी," सुलभा म्हणाली.

सासूबाईंनी आधी मला पाहिलं, पोटाला हात लावून पाहिला, "दुखलं नाय ना?" विचारलं. मग सुलभाची मान पाहिली. मग पायरीवर बसून त्यांनी कॅमेरा उचलला आणि पदराने पुसला. समोरची काच फुटली होती. उघड्या झाकणातून आतली काळसर फिल्म दिसत होती.

"ह्याच्यातच असतात ना गो फोटो?" त्यांनी विचारलं.

"ह्याच्यातच," सुलभा रडत म्हणाली.

"म्हंजे फुटली ती नुसती काच. फोटो हायत."

"हायत काय, बघ तरी," बायजाकाकू म्हणाल्या.

फोटो बघायचे तर उजेड हवा. पडवीत काळोख होता. सासूबाई कॅमेरा घेऊन अंगणात गेल्या, आणि विहिरीतून दोर ओढावा तशी त्यांनी फिल्म बेताबेताने बाहेर ओढली. कुठे चुरगळू नये म्हणून दोन बोटांत धरली. पूर्ण निघाली तेव्हा ती सूर्यासमोर धरून त्या डोळे बारीक करून बघू लागल्या. सगळ्या बायका भोवती गोळा झाल्या. मीसुद्धा मुकुट सावरत उतरले आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावले. मीसुद्धा स्वतःला शोधत होते.

"ही काय, ही?" कोणी तरी म्हणालं.

"ती बोटाची सावली हाय."

"मग कुमुद कुठं हाय?"

शेट्ये आंब्याखालून आले ते नेमके तेव्हाच. त्यांच्या ओठात विडी होती. ती तशीच राहिली. ते तुळशीच्या कठड्याला टेकून खाली बसले.

"शेट्या, बरा आलास," सासूबाई म्हणाल्या. "ह्यात आमची कुमुद दिसत नाय. तू बघ."

"काकी," शेट्ये म्हणाले, "उजेड लागला की जातं सगळं."

"काय जातं?"

"फोटो. आता त्यात काही नाही."

सासूबाईंना हे पटेना. "उजेड कसा लागेल? उजेडातच तर काढलेस ना तू फोटो?"

एवढ्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न शेट्यांना कोणी विचारला नसावा. ते उठले, सासूबाईंच्या हातातून फिल्म घेतली आणि हळूहळू गुंडाळली. जणू अजून काही वाचवता येण्यासारखं होतं.

"माझा कॅमेरा मुंबईहून आला की मी त्याच दिवशी येतो," ते म्हणाले. "पैसे-बिसे काही नको. फुलं तेवढी तयार ठेवा."

सासूबाई अंगणात उभ्याच राहिल्या. मग माझ्याजवळ आल्या आणि माझ्या डोक्यावरचा मुकुट दोन्ही हातांनी सरळ केला. काही कारण नव्हतं. आता कोणी फोटो काढणार नव्हतं.

त्यानंतर बाजारातून जो कोणी परत येई त्याला सासूबाई अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबवून विचारायच्या, "शेट्याचा कॅमेरा आला काय रे?" एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तसा त्यांचा स्वर असायचा. हिरवी साडी त्यांनी घडी करून वेगळी ठेवली होती. सुरंगीचा मोसम संपत आला तर काय करायचं, म्हणून बकुळीची तजवीज करून ठेवली होती. मी रोज आंघोळ झाल्यावर पोटावर हात फिरवायचे आणि मनात म्हणायचे, वाढतोयस ते बरंच आहे, फोटोत आणखी छान दिसशील. खोटं कशाला सांगू, मला तो फोटो यांच्यापेक्षाही जास्त हवा होता.

पण कळा लवकर आल्या. फारच लवकर. गावातली जीप करून मला तालुक्याला नेलं. मुलगा झाला. तो रडला नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला पुष्कळ वेळ हातात धरलं, पाठ चोळली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

सासूबाईंनी त्यांना विचारलंच, "झोपाळ्याचा दणका...?"

"नाही हो आजी. कशाचाच संबंध नाही. होतं असं कधी कधी."

मी त्याला पाहिलं. केस भरपूर होते. नाक यांचं होतं. एवढंच सांगता येतं. मला तो हवा होता. पुढे मुलगी झाली, ती मोठी झाली, तिचे फोटो अल्बमभर आहेत, तिच्यावर माझा जीव आहे. पण तो मला हवा होता आणि अजून हवा आहे. हे एक दुसऱ्याने भरून निघत नाही.

घरी आणल्यावर मी माजघरात पडून होते. एका सकाळी सायकलची घंटी वाजली आणि अंगणातून शेट्यांचा मोकळा आवाज आला.

"काकी! आला बरं का आमचा पेशंट बरा होऊन! काल रात्रीच्या गाडीने आला, म्हटलं पहिला फोटो तुमच्या सूनबाईंचा. घाला तिला फुलं!"

मी भिंतीकडे तोंड केलं. सासूबाईंची पावलं पडवीतून अंगणात गेली.

"बस रे," त्या म्हणाल्या. "पाणी देते."

"पाणी नंतर. ऊन कडक व्हायच्या आत..."

"आता नको रे, शेट्या."

तांब्या ठेवल्याचा आवाज आला. ते पाणी प्यायले असावेत, कारण प्यायल्याशिवाय सासूबाईंनी सोडलं नसतं. मग सायकल वळवल्याचा आवाज आला. ते सायकलवर बसले नाहीत. गडग्याबाहेर, पार वाणीवाड्याच्या वळणापर्यंत, चाकाची टिकटिक मला ऐकू येत होती.

त्याच दुपारी बायजाकाकू येऊन बसल्या. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांना राहवलं नाही.

"मी म्हटलं होतं गो. फोटू काढू नये म्हणून."

"फोटू निघालाच कुठं, बायजा?" सासूबाई म्हणाल्या. "निघाला असता तर बरं झालं असतं. तो पोरगा कुठं तरी दिसला असता."

बायजाकाकूंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

हे वर्ष भरायच्या आधीच, गणपतीच्या तोंडावर आले. बातमी यांना वाटेत एका बंदरात कळली होती. आल्यावर यांनी मला जवळ घेतलं, पण विचारलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडून कॅमेरा काढला, सगळ्या बाजूंनी पाहिला. झाकण लागत नव्हतं. पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, मग लुगड्यात गुंडाळून होता तसा ठेवून दिला. मला तेव्हा वाटलं, आता हे विचारतील, कसा पडला, कोणी पाडला. सुलभा तर यांच्यासमोर यायचीच नाही. पण हे फक्त जेवले आणि खाडीवर जाऊन बसले.

संध्याकाळी परत आले तेव्हा सासूबाई पडवीत तांदळातले खडे निवडत होत्या. सूप बाजूला सारून म्हणाल्या, "दिगू, इकडं बस. तुला दाखवते."

"काय दाखवतेस?"

"कुमुद."

मी चुलीपाशी होते. माझा हात थांबला.

"हिरवी साडी," सासूबाई म्हणाल्या. "ती तू आणलेली नव्हे, हिच्या माहेरची, काठाला पोपट हायत ती. सुरंगीची वेणी. ती उजव्या कानावर घसरली होती, सुलभा सारखी सरळ करायची, ती सारखी घसरायची. डाव्या हाताला मुंगी चावत होती, पण फोटू खराब होईल म्हणून हिनं खाजवलं नाय. नुसती बोटं आवळून धरली. पोट... पोट पुढं नव्हतं रे फारसं, जरा वर होतं. माझ्यासारखं. तू होतास तेव्हा माझं तसंच होतं..."

हे मध्येच उठले आणि अंधार पडत असताना पुन्हा खाडीवर गेले. मला सासूबाईंचा राग आला. वाटलं, कशाला उकरतात? मुंगी चावत होती हे त्यांनी पाहिलं होतं याचंही मला नवल वाटलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं.

पण बोटीवर परत जायच्या आदल्या दिवशी हे स्वतःच त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आई," म्हणाले, "दाखव ना पुन्हा."

तेव्हापासून तो परिपाठच पडला. प्रत्येक खेपेला हे यायचे, आंघोळ करायचे, चहा घ्यायचे, आणि आईपुढे जाऊन बसायचे. सासूबाई दाखवायच्या. हिरव्या साडीपासून सुरुवात. त्यात कधी एक शब्द वाढला नाही की कमी झाला नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पुढे मोतीबिंदूने समोरचं ताट दिसेनासं झालं तरी झोपाळ्यावरची मी त्यांना स्वच्छ दिसत होते. त्यांनी त्या फिल्मचं कधी नाव काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. मला कळत होतं की ही बाई आपल्या हातांनी गेलेली वस्तू मुलाला भरून देते आहे. तरी मी कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही. पोटापर्यंत गोष्ट आली की मला काही तरी काम निघायचं, मी मागच्या दारी जायचे.

सासूबाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सुलभा नालासोपाऱ्याला असते, बायजाकाकू नाहीत, शेट्येही नाहीत. हे निवृत्त होऊन घरीच आहेत आणि दिवसभर माझ्या मागे मागे असतात. इंजिन बिघडलं तर ऐकू येतं म्हणतात, पण मी हाक मारलेली ऐकू येत नाही.

परवाच्या मे महिन्यात आम्ही दोघं पडवीत बसून फणस फोडत होतो. यांनी हाताला खोबरेल चोपडलं होतं, तरी चीक लागलाच. मी गरे वेगळे करत होते. हे एकदम म्हणाले, "कुमुद, आता तू दाखव."

"काय?"

"तू कशी दिसत होतीस ते."

मी हसले. म्हटलं सांगू या, त्यात काय. तोंड उघडलं आणि काही सुचेना. त्या दिवसाचं मला सगळं आठवत होतं. शेट्यांची विडी, सुलभाच्या गुडघ्यापाशी हेलकावणारा कॅमेरा, बायजाकाकूंचं हसू, माडांमधला पाण्याचा तुकडा, सासूबाईंचा झोका देणारा हात. पण मी त्यात नव्हते. असणार कशी? मी झोपाळ्यावर बसले होते. ज्यांनी मला पाहिलं ती माणसं, एक सुलभा सोडली तर, एकेक करून गेली होती.

"मला नाही येत हो," मी म्हटलं. "मला मी कुठे दिसत होते?"

यांनी गऱ्यातली आठळी काढून ताटलीत टाकली. मग आईच्याच आवाजात, आईच्याच चालीवर यांनी सुरुवात केली.

"हिरवी साडी. काठाला पोपट हायत ती. सुरंगीची वेणी, ती उजव्या कानावर घसरली होती..."

मी गरे सोडून ऐकत राहिले. हे तेव्हा हजारो मैलांवर होते, तेलाच्या वासात, इंजिनाच्या आवाजात. आणि आता जगात हे एकटेच होते ज्यांनी मला तशी बारकाईने पाहिली होती. वेणी, मुंगी, आवळलेली बोटं. पोट आलं. या वेळी मी उठले नाही.

"...पोट जरा वर होतं. मी झोका दिला. झोपाळा पुढं आला तेव्हा हिनं पोटावर हात ठेवला, मान खाली घातली आणि ओठ हलवले. काय तरी बोलली त्याला. मला ऐकू नाय आलं रे दिगू. बायका हसत होत्या. मग मान वर केली आणि शेट्यानं फोटू काढला."

हे थांबले. आपल्या आवाजात म्हणाले, "इथे आई दर वेळी थांबायची. म्हणायची, ते तेवढं हिलाच विचार. मला कधी धीर झाला नाही."

आंब्यावर कावळा ओरडत होता. यांनी चिकट हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"काय म्हणालीस गं त्याला?"

मला आठवत होतं. ते विसरायला मी कधी मोकळी झालेच नव्हते.

"म्हटलं, नीट बस हं जरा," मी सांगितलं. "बाबांना फोटो पाठवायचाय."



"बसला?" यांनी विचारलं.

"बसला," मी म्हटलं. "अगदी शहाण्यासारखा बसला."